न दिसणारा चढ

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. मंदिर पाहून परतणारे बहुतेक लोक मोटारीने डांबरी रस्त्याने निघून जातात. पण गावाबाहेर थोडे आडवाटेला वळले, की तुरीच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून जाणाऱ्या पांदणी लागतात. खाली काळी माती, तिच्यावर टाकलेला मुरूम, मधूनच उघडी पडलेली गिट्टी आणि दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकोऱ्या. जमीन हलकेच चढते, हलकेच उतरते. एखादी बैलगाडी सोडली तर वाहन नाही. सायकल चालवायला आणि पदार्थविज्ञान शिकायला यापेक्षा चांगली जागा मी तरी पाहिलेली नाही.

हे मला कळले ते माझ्या एका चुकीमुळे. माझ्या अकरावीच्या वर्गात अशाच सहा किलोमीटरच्या पांदणीने सायकलवर येणारा एक मुलगा होता. सकाळच्या प्रात्यक्षिकाला तो नेहमी उशिरा येई. मी त्याला रागावलो आणि वर उपदेशही केला, "चाकात हवा कमी असेल. घट्ट भर, सायकल हलकी जाईल." आठवड्याने तो म्हणाला, "सर, हवा फुल्ल भरली, तरी सायकल जास्तच जड जाते." मला ते पटले नाही. घट्ट चाक हलके पळते, हे मीच वर्गात शिकवत आलो होतो. शेवटी खरेखोटे करायला आम्ही दोघे पांदणीवर गेलो.

चाकाला कोण अडवते?

सपाट रस्त्यावर पायडल मारणे थांबवले, तरी सायकल काही अंतर जाते आणि मग थांबते. तिच्यातील गतिज ऊर्जा जाते कुठे? थोडी हवेला बाजूला सारण्यात जाते, थोडी बेअरिंगमध्ये जाते. पण वेग कमी असेल, तर सर्वांत मोठा वाटा चाक आणि जमीन जिथे टेकतात तिथे खर्च होतो. चाक घरंगळताना होणाऱ्या या विरोधाला आपण लोटन-रोध म्हणू.

हा रोध सायकल व स्वार यांच्या एकूण भाराच्या प्रमाणात असतो. रोधाला भाराने भागले, की जो अंक येतो तो लोटन-रोधाचा गुणक. चांगल्या डांबरी रस्त्यावर आपल्या साध्या सायकलीसाठी तो ०.००८ च्या आसपास, तर मुरमाच्या रस्त्यावर ०.०२ च्या आसपास धरायला हरकत नाही. सुट्या गिट्टीत किंवा वाळूत तो आणखी वाढतो.

आता एक गंमत पाहा. ५० मीटर अंतरात १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षण आपल्याला भाराच्या एक पन्नासांश, म्हणजे ०.०२ पट बलाने मागे ओढते. मुरमाचा गुणकही ०.०२ च आहे! म्हणजे मुरमाच्या सपाट रस्त्याने जाणे आणि ५० ला १ असा चढ, रोध नसलेल्या रस्त्याने चढणे, यांत पायांना काहीच फरक जाणवत नाही. गुणक म्हणजे न दिसणारा चढ.

त्या मुलाचा हिशेब करू. ६ किलोमीटर म्हणजे ६००० मीटर. डांबरी रस्ता असता, तर त्याला ६००० × ०.००८ = ४८ मीटर न दिसणारा चढ चढावा लागला असता. मुरमावर तो ६००० × ०.०२ = १२० मीटर होतो. फरक ७२ मीटरचा, म्हणजे सुमारे चोवीस मजली इमारतीएवढा. शिवाय खरी टेकडी चढताना खर्च केलेली ऊर्जा परतताना उतारावर बरीचशी परत मिळते. हा चढ मात्र जाताना चढच आणि येतानाही चढच! हिशेब कागदावर मांडला, तेव्हा त्या मुलाच्या उशिराबद्दल बोलायला मला तोंड उरले नाही.

दहा मीटर आणि एक घड्याळ

हा गुणक तुम्हालाही मोजता येईल. वर्दळ नसलेला सरळ, सपाट रस्ता निवडा. मोटारींच्या रस्त्यावर हा प्रयोग कधीही करू नये, कारण त्यात सायकल हळूहळू मंदावून थांबू द्यायची असते. १० मीटर अंतरावर दोन खुणा करा. एकाने सायकल एकसारख्या वेगाने दोन्ही खुणांवरून न्यावी आणि दुसरी खूण येताच पायडल थांबवावे. ब्रेक लावू नये. दुसऱ्याने खुणांमधला वेळ मोजावा. मोबाइलमधले स्टॉपवॉच चालेल. सायकल थांबेल तिथपर्यंतचे अंतर दुसऱ्या खुणेपासून टेपने मोजा.

समजा, १० मीटरला ३.६ सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला २.७८ मीटर, म्हणजे ताशी १० किलोमीटर. एवढ्या वेगाने सायकल किती उंची चढू शकेल? वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागा : ७.७२ ÷ १९.६ = ०.३९ मीटर. वस्तुमान या हिशेबात येतच नाही. सायकल २० मीटर जाऊन थांबली असेल, तर गुणक ०.३९ ÷ २० = सुमारे ०.०२.

हाच प्रयोग उलट दिशेनेही करा. समजा, एकीकडे १६ मीटर आणि दुसरीकडे २८ मीटर आले. गुणक अनुक्रमे ०.०२५ आणि ०.०१४ येतात, सरासरी सुमारे ०.०१९. सरासरी गुणकांची काढा, अंतरांची नको. दोन उत्तरांत फरक पडला, कारण रस्ता सुमारे २०० मीटरला १ मीटर एवढा कललेला आहे. डोळ्यांना तो सपाटच दिसतो! या वेगाला हवेच्या रोधाचा वाटा सुमारे ०.००२ असतो, तो उत्तरातून वजा करावा.

घट्ट की सैल?

आम्ही आधी घट्ट हवेवर प्रयोग केला. मग थोडी हवा सोडून, त्याच खुणांवर, तितक्याच वेगाने. सायकल पाच-सहा पावले पुढे जाऊन थांबली. पुन्हा केले, पुन्हा तेच. मुलगा बरोबर होता. माझे विधान डांबरी रस्त्यापुरते खरे होते.

असे का व्हावे? मागच्या चाकावर ४५ किलोग्रॅम भार आहे असे समजा. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४.५ किलोग्रॅम असेल, तर टायर सुमारे १० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. दाब ३ असेल, तर १५ वर. टायर जितका सैल, तितके रबर जास्त दबते आणि त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. गुळगुळीत रस्त्यावर हाच खर्च मुख्य, म्हणून तिथे घट्ट चाक बरे. पण गिट्टीवर घट्ट चाक दगडाला सामावून घेत नाही. प्रत्येक दगडावर ते सायकलीसह स्वाराला वर उडवते, आणि ती ऊर्जा हादऱ्यांत जाते. मऊ जमिनीत ते रुतते ते वेगळेच. हवा कमी केली, की पहिला खर्च वाढतो आणि दुसरा घटतो. मध्ये कुठेतरी बेरीज सर्वांत कमी असते. फार सैल केले, तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चेमटून पंक्चर ठरलेलेच.

जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने बेलफास्टमध्ये असाच प्रयोग केला होता. भरीव रबराचे चाक आणि हवा भरलेल्या नळीचे चाक त्याने अंगणात घरंगळत सोडले. हवेचे चाक लांबवर गेले. १८८८ साली त्याने पेटंट घेतले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून शेतांमधल्या गिट्टीच्या रस्त्यांवर सुमारे ३२० किलोमीटरची सायकल शर्यत होते. अशा रस्त्यांसाठीच्या नव्या सायकलींना ४० मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे टायर असतात. आपल्या दूधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीच्या टायरवर २८ × १ १/२ असे लिहिलेले असते. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर!

त्या मुलाने पुढे मागचे चाक अंगठ्याने थोडे दबेल इतपत ठेवले, आणि मागच्यापेक्षा कमी भार पेलणारे पुढचे चाक त्याहून जरा सैल. मुरूम काही डांबर झाला नाही, पण न दिसणारा चढ थोडा उतरला. आणि मी वर्गात नियम सांगताना तो कोणत्या रस्त्यावर खरा, हेही सांगू लागलो.

करून पाहा

१. तुमच्या घरापासून शाळेपर्यंत न दिसणारा चढ किती मीटर आहे?
२. एकाच रस्त्यावर हवेचे तीन वेगवेगळे दाब घेऊन गुणक काढा. सर्वांत लहान गुणक कोणत्या दाबाला येतो?
३. मागे मित्राला बसवले, तर सायकल थांबेपर्यंतचे अंतर बदलेल का? आधी तर्काने उत्तर लिहा, मगच मोजा.