उशिरा येणारी दारे

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शास्त्राशी माझा संबंध दहावीत सुटला. तरीही चेतापेशींचा हा जमाखर्च वाचल्यावर तो सांगावासा वाटला. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे!

पोटॅशियम म्हणजे खताच्या पोत्यावरचे 'पालाश'. चेतापेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट साठलेले असते. पेशीच्या आवरणात त्याच्यासाठी प्रथिनांची दारे असतात. संदेश निघाला की सोडियम आत शिरते. पाठोपाठ पोटॅशियमची दारे उघडतात, ते बाहेर पडते आणि पेशी शांत होते. हा हिशेब हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ साली माकूळ या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूवरून मांडला.

भ्रूणात मात्र ही दारे प्रथम थोडी आणि मंद असतात. झेनोपस जातीच्या बेडकाच्या भ्रूणात मज्जारज्जूतील पेशींचे पहिले संदेश बरेच लांबतात आणि त्या वेळी पुष्कळ कॅल्शियम आत येते. सुमारे एका दिवसात पोटॅशियमचा प्रवाह वाढतो व संदेश आखूड होतात.

कोणी म्हणेल, ही सुरुवातीची उणीवच. परंतु १९९४ साली जोन्स व रिबेरा यांनी या बेडकाच्या भ्रूणात पोटॅशियमची दारे वेळेआधीच वाढवली, तेव्हा चेतापेशींची घडण बिघडली. आत येणारे ते कॅल्शियम पेशीला घडण्यासाठी हवे असते. आमच्या भाषेत सांगायचे तर, ते नव्या दुकानाचे भांडवल. त्याला खर्च समजून कात्री लावली तर दुकान उभेच राहत नाही.

माणसाच्या बाळात उलटी अडचण दिसते. के.सी.एन.क्यू.२ या जनुकातील दोष १९९८ साली सापडला. त्यामुळे पोटॅशियमचा एक प्रवाह कमी पडतो आणि जन्मानंतर बहुधा पहिल्याच आठवड्यात फिट येऊ लागतात. पुष्कळ बाळांच्या त्या काही महिन्यांत थांबतात. दोष तर जन्मभर तसाच राहतो! मग त्या थांबतात कशा? शास्त्रज्ञ असे मानतात की, पुढे मेंदूला आवर घालणारे 'गाबा' हे द्रव्य नवजात अवस्थेत ते काम पुरते करीत नाही, म्हणून सारा भार या एका प्रवाहावर पडतो. नंतर गाबा कामाला लागते, पोटॅशियमची इतर दारेही वाढतात.

मात्र याच जनुकाच्या दुसऱ्या काही दोषांत फिट थांबल्या तरी मुलाची वाढ मागेच राहते. नुसत्या फिटवरून हे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांना बाळ तपासून मेंदूचा आलेख व जनुकाची तपासणी पाहावी लागते.