ओस रस्त्याचे छायाचित्र

छायाचित्र कधी खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणतो. परंतु ते सगळेच सांगते काय?

इ. स. १८३८ मध्ये दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमधील एका हमरस्त्याचे छायाचित्र घेतले. रस्त्यावर गाड्याघोड्यांची वर्दळ होती. पण चित्रात रस्ता ओस दिसतो. त्या काळी चित्र उमटावयास कित्येक मिनिटे लागत. त्यामुळे जे जे हलत होते, त्याचा मागमूसही उरला नाही. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला मनुष्य तेवढा टिपला गेला. रस्ता भरलेला आणि चित्र रिकामे!

याच्या उलट प्रकार इ. स. २०२० मध्ये घडला. कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मुंबईच्या लोकल गाड्या २२ मार्चच्या मध्यरात्रीपासूनच थांबल्या होत्या. त्या १५ जूनला पुन्हा धावू लागल्या, त्याही केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. जेथे पाऊल ठेवावयास जागा मिळत नसे, ते फलाट निर्मनुष्य झाले. राज्यातील देवळांची दारेही भाविकांना बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास उघडली. आपल्या जिल्ह्यातील वाशिमचे बालाजी मंदिर व कारंज्याचे गुरुमंदिर यांनाही तोच नियम होता.

वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना बाहेर पडण्याची मुभा होती. त्यांनी ही शांतता टिपून ठेवली. हे काम निर्धोक नव्हते. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील पन्नासाहून अधिक पत्रकारांना रोगाची लागण झाल्याचे आढळले. त्यांत छायाचित्रकारही होते.

आजचा कॅमेरा निमिषार्धात चित्र घेतो. म्हणून या चित्रांतील रस्ता खरोखरच रिकामा होता. पण शहर रिकामे नव्हते. लक्षावधी माणसे बंद दारांआड, स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या जिवासाठी थांबली होती. ओस रस्ता हा त्यांच्या संयमाचा पुरावा होय.

तरीही हे अर्धेच सत्य. घरात थांबणे ज्याला घर आहे आणि घरात शिधा आहे, त्यालाच साधते. ज्यांची रोजची मजुरी बुडाली, ते मजूर त्याच दिवसांत डोक्यावर बोचके व कडेवर मूल घेऊन महामार्गांनी गावाकडे चालत होते. त्यांचीही छायाचित्रे आहेत. शहराचा शांत रस्ता आणि पायपिटीचा महामार्ग, ही दोन चित्रे शेजारी ठेवल्यावाचून त्या वर्षाची खरी ओळख पटत नाही.

मुलांनो, तुमच्या घरी त्या दिवसांचे एखादे छायाचित्र असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली स्थळ व तारीख लिहून ठेवा. चित्रात कोण दिसते, हे कोणीही सांगेल. कोण दिसत नाही आणि का, हे लिहून ठेवले तरच पुढच्यांना कळेल.

स्वाध्याय
१. दागेरच्या चित्रात रस्ता ओस का दिसतो?
२. ‘रस्ता रिकामा होता, पण शहर रिकामे नव्हते’ याचा अर्थ स्पष्ट करा.
३. टाळेबंदीतील आपल्या गावाविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोला व दहा ओळी लिहा.