अनोळखी लेखकाची ‘यमुनापर्यटन’



लेखकाचे नाव ओळखीचे नसले की आपण पुस्तक खाली ठेवतो. त्यातून तो दुसऱ्या पंथाचा असला तर विचारूच नका! बाबा पदमनजी शेजारच्या बेळगावचे. जन्म १८३१, बाप्तिस्मा १८५४, प्रॉटेस्टंट पंथात. त्यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता त्याच्या आदल्याच वर्षी मिळाली होती.

यमुना आणि विनायकराव हे मनाने प्रभूकडे वळलेले जोडपे. प्रवासात ते विधवांच्या कहाण्या ऐकतात. पुढे विनायकरावच वारतात आणि ऐकलेले दुःख यमुनेच्या वाट्याला येते. उपदेशाची पाने लांबलचक आहेत, ती भरभर वाचली तरी चालेल. पण पती-पत्नी एकमेकांशी किती मोकळेपणाने बोलतात, ते सावकाश वाचा. त्या काळच्या घरांत असे बोलणे विरळाच!

पंथभेदाचा मुद्दा अडला तर फादरांना विचारावे. सोबत रूथचे पुस्तक वाचा, अवघे चार अध्याय आहेत. रूथही विधवा होती, तिचाही पुनर्विवाह झाला. रूथला नामीची सोबत होती. यमुनेच्या पाठीशी कोण उभे राहते, ते वाचताना शोधा.