पंप बदलण्याआधी टाकीची जाळी पाहा

ज्यांच्या गाडीचं स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालतं, म्हणजे बोलेरो, सुमो, क्वालिस, जुनी इनोव्हा असं काही ज्यांच्या दारात उभं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत त्या जागी इलेक्ट्रिक मोटार असते. तिथे ना पंप असतो ना तेल, त्यामुळे बॉनेट उघडून शोधत बसू नका.

आमची बोलेरो जुनी, पण रोजच्या वापरातली. फेब्रुवारीचे दिवस होते. शिवजयंती जवळ आलेली, आमच्या शहरातल्या क्रांती चौकात मंडपाची तयारी आणि ही गर्दी. उस्मानपुऱ्याकडून येऊन उड्डाणपुलाखालून जालना रोडला वळत होतो. अर्ध्या वळणात स्टेअरिंग असं जड झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मागून हॉर्न, पुढे रिक्षा. गाडी कशीबशी कडेला घेतली.

अशा वेळी एक गोष्ट लक्षात असू द्या. पंप बंद पडला तरी स्टेअरिंग आणि चाकांचा जोड तुटत नाही. गाडी वळते, फक्त जोर तुम्हाला लावावा लागतो. घाबरून हात सोडू नका.

हे चौकातच का झालं, यालाही कारण आहे. हळू चालणाऱ्या गाडीची चाकं वळवायलाच सगळ्यात जास्त दाब लागतो आणि नेमकं तेव्हाच इंजिन मंद असतं, म्हणजे बेल्टवर फिरणारा पंपही मंद. पुलावरून सरळ निघून जाणाऱ्याला पंप आजारी आहे हे महिनोन्महिने कळत नाही, पुलाखालून वळणाऱ्याला कळतं. गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो का, हे अधूनमधून मुद्दाम ऐका. बेल्ट सैल असेल तर आवाज वेगळा, कर्कश चिरकल्यासारखा येतो, आणि तो स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवल्यावर जास्त. तेव्हा आधी बेल्टचा ताण बघा. पंपापर्यंत जायची गरजही पडणार नाही.

आमच्या गाडीला गॅरेजमध्ये नवा पंप बसला. काही आठवडे सगळं झकास चाललं. मग तोच आवाज, तोच जडपणा. आता दुसरा पंप आणायचा म्हणून मी निघालो, तेवढ्यात शेजारचे काका फाटकाशी आले. वाळूजच्या कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत त्यांचं आयुष्य गेलेलं.

“पंप गेला म्हणता, पण कशानं गेला ते विचारलं का कुणी?”

“काका, नवाच होता हो तो.”

“नवा होता म्हणून तर विचारतोय. स्टेअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण काढा आधी.”

तेल लाल असायला हवं होतं. निघालं काळपट तपकिरी, वर बारीक फेस. काकांनी जुन्या पांढऱ्या बनियनच्या तुकड्यावर त्याचे दोन थेंब टाकले, पसरू दिले आणि कापड उन्हात तिरपं धरलं. डागात चमचम दिसली. ती धातूची भुकटी होती, जुन्या पंपाच्या झिजेची. नवा पंप बसवताना तेल कुणी काढलंच नव्हतं, कमी झालं तेवढं वरून ओतलं होतं. म्हणजे जुन्या पंपाची सगळी घाण पहिल्या दिवसापासून नव्याच्या पोटात जात होती.

खरा चोर मात्र टाकीच्या तळाशी होता. तिथे बारीक जाळी असते. टाकी काढून उलटी केली, तेव्हा जाळीवर काळ्या रबराचा थर बसलेला दिसला, नखानं खरवडला तर सोलून येत होता. स्टेअरिंग बॉक्सकडून टाकीत तेल आणणाऱ्या परतीच्या नळीचं आतलं अस्तर सुटून त्याचे तुकडे इथे येऊन अडकले होते. नळी बाहेरून धडधाकट होती. काकांनी ती दोन बोटांत दाबली, तर आतला सुटलेला थर सरकल्याचं हाताला लागलं.

पंपाचं काम समजलं की पुढचं आपोआप समजतं. पंपाच्या आत एका चकतीत पातळ पाती असतात, ती फिरताना बाहेर सरकून तेल ढकलतात. स्टेअरिंग शेवटपर्यंत नेलं की दाब साधारण 70 ते 100 बारपर्यंत चढतो. आपल्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. हा दाब पेलताना पात्यांना वंगण मिळतं तेही याच तेलातून. जाळी तुंबली की पंप ओढतो पण तेल पुरेसं येत नाही, आत पोकळी तयार होऊन बुडबुडे उठतात आणि फुटतात. ‘सूं’ हा आवाज त्यांचाच. हे फुटणारे बुडबुडे हळूहळू धातूचे कण उडवतात. अशा जागी कितीही चांगल्या कंपनीचा पंप बसवा, तो तिथे टिकणार नाही.

मग आम्ही घरीच काम काढलं. पंप सोडवणं-बसवणं हा त्यातला छोटा भाग आहे, जास्त वेळ धुण्यात जातो आणि तो जाऊच द्यावा. इंजिन गार झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून सुरुवात करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नका. खाली घोड्या लावा, मागच्या चाकांना दगड लावा. तेल सांडणार हे गृहीत धरा. ते तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून काम झाल्यावर पुसून काढल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

नवा पंप आणलात की जुन्याशेजारी ठेवा. शाफ्टची जाडी, बोल्टची भोकं, पाइप बसायची जागा नजरेनं नाही, मोजून जुळवा. पुली काही गाड्यांत नटानं कसलेली असते, काहींत नुसती दाबून बसवलेली. दाबून बसवलेली पुली काढायला पुलर लागतो आणि बसवायलाही तिचं वेगळं हत्यार असतं. इथे हातोडी चालवायची नाही. ठोक्याचा मार शाफ्टवरून थेट आतल्या पात्यांवर आणि बेअरिंगवर बसतो. पंप बसायच्या आधीच खराब होतो, आणि दोष मात्र दुकानदाराला जातो. हत्यार नसेल तर दोन्ही पंप आणि पुली पिशवीत घालून एखाद्या वर्कशॉपवर न्या, पुली तिथून बदलून आणा. त्यात काही कमीपणा नाही.

पंप बसवण्याआधी धुणं. परतीची नळी टाकीकडून सोडवून तिचं टोक बाटलीत सोडायचं, टाकीचं मोकळं झालेलं तोंड बुचानं बंद करायचं. पुढची चाकं उचललेली असू द्या, इंजिन बंद. एकानं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं म्हणजे स्टेअरिंग बॉक्समधलं जुनं तेल बाटलीत उतरतं. नवा पंप लावल्यावर टाकीत स्वच्छ तेल ओतत हेच पुन्हा करायचं, बाटलीत लाल, निर्मळ तेल येईपर्यंत. आमच्या बाटलीत बराच वेळ राखाडी तेलच येत होतं. मी कंटाळलो, काका नाही कंटाळले. टाकीची जाळी नीट साफ होत नसेल तर टाकीच नवी घ्या. टाकीतून पंपाकडे जाणारी ओढीची नळी आणि परतीची नळी, त्यांच्या क्लिपा, दाबाच्या पाइपाचे वॉशर किंवा ओरिंग, हे सगळं नवं हवं. ओढीच्या नळीची क्लिप सैल असेल तर इंजिन चालू असताना तिथून तेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून गळती दिसत नाही आणि फेस मात्र होतो. हा दोष भल्याभल्यांना चकवतो.

हवा काढणं हा पुढचा टप्पा, आणि पंप मरतात ते बहुतेक इथेच. कोरडा पंप इंजिनवर काही क्षण फिरला तरी पाती खरवडली जातात. तेव्हा टाकी भरा, चाकं उचललेलीच ठेवा, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवत राहा, तेल खाली गेलं की भरा. पातळी स्थिर झाली आणि बुडबुडे थांबले की मगच इंजिन अगदी थोडा वेळ चालू करा. तेलात फेस दिसला तर लगेच बंद करा आणि तासभर तसंच राहू द्या, फेस आपोआप बसतो. स्टेअरिंग शेवटाला नेऊन दाबून धरायचं नाही. एरवी गाडी पार्क करतानाही ही सवय सोडा, कारण तिथे पंप सगळा दाब स्वतःवरच घेत असतो.

तेल कुठलं, हे गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ चालतं. पण आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या ऑक्टाव्हियासारख्या गाड्यांना वेगळं हिरवं तेल लागतं. लाल आणि हिरवं एकमेकांत मिसळू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. ते आतली रबरी सीलं फुगवून टाकतं आणि मग पंपच काय, स्टेअरिंग बॉक्सही उघडावा लागतो.

घरी हे करायचं नसेल तर नका करू. पण गॅरेजमध्ये उभं राहून तीन गोष्टी डोळ्यांसमोर करायला लावा: जुनं तेल पांढऱ्या कापडावर टाकून बघणं, टाकी काढून जाळी बघणं, परतीची नळी दाबून बघणं. मेकॅनिकशी गोडीनं बोला, “भाऊ, हा पंप कशानं गेला ते दाखवता का?” चांगला कारागीर या प्रश्नावर चिडत नाही, तो खूश होऊन दाखवतो. आणि कारण सापडल्याशिवाय नव्या पंपाचं खोकं फोडू देऊ नका.

काम झाल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी लाल थेंब दिसला तर तो कुठल्या जोडाखाली आहे ते बघा. तांब्याच्या वॉशरपाशी असेल तर नट आवळत बसू नका, आटे जातील. वॉशर बदला.

राहिलं जुनं तेल. ते गटारात ओतलं की नाल्यांतून खाम नदीला जातं आणि खाम पुढे गोदावरीला. ज्या नदीची गाळ-कचरा काढून सफाई करण्यासाठी या शहरात इतकी माणसं राबली, तिच्यात आपण तेल सोडायचं नाही. ते कॅनमध्ये भरून, झाकण लावून, वापरलेल्या ऑइलचा ड्रम ठेवणाऱ्या गॅरेजला द्या. आमचा कॅन काकांनीच नेऊन दिला.