आधी घर निजव

आमच्या वलगावात रात्री तीन वाजता एखाद्या घरात उजेड दिसला की समजायचं, तिथं तान्हं लेकरू आहे. पूर्वी कंदिलाची वात मोठी केलेली दिसायची, आता मोबाईलचा टॉर्च भिंतीवरून फिरताना दिसतो. मागच्या उन्हाळ्यात तो टॉर्च आमच्याच घरात होता. नातसून अकोल्याहून, माहेरून, चार महिन्यांचं पोरगं घेऊन आली. पहिल्या आठवड्यात एक रात्र कोणी धड झोपलं असेल तर शपथ.

तिसऱ्या रात्री मी उठून पाहायला गेले. पलंगावर पोरगं टाहो फोडतंय, भोवती पाच माणसं. नातू टॉर्च धरून उभा, सून खुळखुळा वाजवतेय, माझा मुलगा टाळ्या पिटतोय, यजमान दारात उभं राहून "पोट दुखत असन" म्हणताहेत, आणि ज्या बाईनं पोराला घ्यायचं ती कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली. मी म्हटलं, "जत्रा भरवली काय रे? बंद कर तो लाईट. जा समदे." पाच मिनिटांत अंधार झाला. पोरगं अंगावर पीत पीत वीस मिनिटांत निजलं. यात माझी करामत काही नाही. त्याला झोप येतच होती, आम्हीच ती येऊ देत नव्हतो.

हा कानमंत्र माझ्या सासूबाईंचा. १९६८ साली मी या घरात आले, तेव्हा त्यांच्या हाताखालून सात लेकरं गेली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लेकरांची वयं महिन्यानिशी पाठ. मोजायची रीत मात्र त्यांची स्वतःची. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथंच, पेढी नदीच्या काठी देह ठेवला, आणि आमच्या घरात वयाचा हिशेब तिथून चाले. "बाबा गेले तवा धाकटा पालथा पडू लागला होता," म्हणजे धाकटा त्या वेळी चार-पाच महिन्यांचा. तर त्या सांगायच्या, "आधी घर निजव माय, मंग लेकरू आपोआप निजते." दिवा बारीक, आवाज बारीक, बोलणं बंद. रात्री लेकराशी गोड गोड बोलायचं नाही, त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, ओलं असेल तर मुकाट्यानं दुपटं बदलायचं. दिवसा मात्र खिडक्या उघड्या, भांडी वाजू द्यायची, अंगणात न्यायचं. दिवस म्हणजे काय आणि रात्र म्हणजे काय, हे लेकराला जन्मतः ठाऊक नसतं. दोन-तीन महिने जातात तेव्हा त्याच्या अंगात ते घड्याळ लागतं, आणि त्याला किल्ली उजेडाचीच.

चौथ्या महिन्याबद्दल दोन शब्द जास्त सांगते, कारण तिथंच नव्या आया हातपाय गाळतात. तीन महिन्यांपर्यंत बरं झोपणारं लेकरू चौथ्यात एकाएकी तासातासाला उठू लागतं. मग कोणी म्हणतं दूध कमी पडतं, कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं सासरचं घर त्याला मानवलं नाही. आमच्याकडेही तेच झालं. अकोल्याचं घर सुटलं आणि झोप मोडली, दोन्ही एका आठवड्यातलं, म्हणून बिचारी नातसून सासरालाच दोष देऊ लागली. खरं कारण असं की या वयात झोपेची घडणच बदलते. मोठ्या माणसाची झोप जशी थराथरानं खाली जाते आणि वर येते, तशी लेकराची होऊ लागते. त्याचा एक फेरा पाऊण ते एक तासाचा. फेरा संपला की ते वर येतं. आपण कूस बदलून पुन्हा झोपतो, त्याला अजून ते जमत नाही. निजलं तेव्हा आईच्या खांद्यावर होतं आणि जागं झालं ते गादीवर, तर ते घाबरणारच. तुम्ही घरात झोपलात आणि अंगणात जागे झालात तर काय कराल?

म्हणून एक सवय हळूहळू लावायची. दिवसातून एकदा तरी, डोळे जड झालेत पण मिटले नाहीत, अशा वेळी त्याला गादीवर ठेवायचं आणि हात त्याच्यावर राहू द्यायचा. रडलं तर उचलायचं, उद्या पुन्हा. नातवानं मोबाईलवर वाचून मला सांगितलं की अमेरिकेत फर्बर नावाच्या डॉक्टरांनी १९८५ साली पुस्तक लिहिलं, त्यात लेकराला थोडं थोडं रडू देऊन, मधला वेळ वाढवत झोपायला शिकवायची रीत आहे. असेल. त्यांच्याकडे लेकराची खोली वेगळी असते. आमच्या घरात एका खोलीत चौघं, आणि भिंतीला लागून शेजारी. इथं पोरगं दहा मिनिटं रडलं तर शेजारची बाई मीठ-मोहऱ्या घेऊन दारात उभी. शिवाय चार महिन्यांच्या लेकराला तसं रडवायचं वयच नसतं.

आता खांद्यावरून खाली ठेवायची रीत. ही कोणी पुस्तकात लिहीत नाही, आणि अर्ध्या रात्री इथंच वाया जातात. लेकराचे डोळे मिटले की लगेच ठेवायचं नाही. तेव्हा पापण्यांखाली बुबुळं फिरत असतात, ओठ हसतात, मूठ आवळलेली असते. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग त्याचा हात दोन बोटांनी उचलून सोडून पाहायचा. ओल्या फडक्यासारखा पडला तर झोप खाली गेली. गादीवर आपणच अगोदर तळहात फिरवून ऊब द्यायची. ठेवताना आधी बूड टेकवायचं, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी गेलं की पडल्यासारखं वाटून ते दोन्ही हात फेकतं आणि दचकून उठतं. टेकल्यावर छातीवर हात तसाच ठेवायचा, आणि उचलायचा तो एकेक बोट करून. नातसुनेनं हे पहिल्यांदा केलं तेव्हा करंगळी उचलेपर्यंत तिनं श्वास रोखून धरला होता.

झोपवायचं ते पाठीवर, पालथं नाही, कुशीवर नाही. गादी कडक, भोवती गोधड्यांचे ढीग नकोत. राईच्या उशीबद्दल सांगताना मला थोडं कानकोंडं होतं, कारण माझ्या चारही लेकरांना मीच ती शिवली, डोकं गोल व्हावं म्हणून. आता डॉक्टर म्हणतात, वर्षापर्यंत उशीच नको. अमेरिकेत १९९४ पासून लेकरांना पाठीवर झोपवा म्हणून मोहीम चालवली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्यांची संख्या निम्म्यावर आली. मी उशी उसवून राई डब्यात भरली. रीत जुनी आहे म्हणून ती शहाणीच असते असं नाही. लुगड्याची झोळी दिवसा, कोणी जवळ बसलेलं असताना ठीक. पण तिच्यात तान्ह्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो, म्हणून रात्रभर त्यात ठेवायचं नाही. मोठ्या भावंडांना तर त्या झोक्याशी खेळूच द्यायचं नाही, मानेला पिळा बसतो. आणि ज्या बिछान्यावर दारू प्यालेला माणूस आहे तिथं लेकरू नको, मग तो त्याचा बाप का असेना.

घुटीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. माझं दुसरं लेकरू पाच महिन्यांचं असताना मी सहाणेवर जायफळाचे सात-आठ वेढे दिले. वेचणीचे दिवस होते, तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, मला फक्त झोपायचं होतं. पोरगी निजली. सकाळी आठला उठेना, दहाला उठेना, अंगाला लावली तर ओठ हलवेना. सासूबाईंनी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. दवाखान्यात नेलं, दुपारी तिनं डोळे उघडले. तेव्हापासून या घरात झोपेसाठी जायफळ उगाळलं गेलं नाही. एकटी मीच अशी होते असंही नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची गोळी चारून जात, तिला नावही लाडकं, बाळगोळी. पाळी संपेपर्यंत लेकरू हलत नसे. कामावरच्या बाईला झोप आणि सवड मिळाली नाही की असले मार्ग निघतात. आज त्या गोळीची जागा सर्दीच्या औषधानं घेतली आहे. "एक चमचा द्या, छान झोपते," हे मी सुशिक्षित बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी अशाच एका सर्दीच्या जोडऔषधावर, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं छापायला लावलं. बाटली वाचून पाहा. मधाचं बोटही वर्षाच्या आत नाही.

आमचा उन्हाळा हा वेगळाच धडा. पारा ४५ च्या पुढे जातो, रात्री बारालाही भिंती तापलेल्या. लेकरू गरमीनं उठतं आणि आपण भुकेनं समजतो. त्याचे हातपाय चाचपू नका, ते फसवतात. मानेच्या मागे बोट लावा. तिथं घाम असेल तर एक कपडा कमी करा. कूलर लावा, पण झोत अंगावर नको, भिंतीकडे वळवा, आणि समोरची खिडकी फटभर उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. टाकीतलं पाणी बदलत राहा, नाहीतर डास तिथंच वाढतात. कासवछाप उदबत्तीपेक्षा छत्रीची मच्छरदाणी बरी. ओव्याची धुरी द्यायची हौस असेल तर लेकरू बाहेर असताना खोलीला द्या. एवढ्याशा छातीला धूर सोसत नाही. आणि सहा महिन्यांच्या आत पाणी पाजायचं नाही, कितीही ऊन असो. आईचं दूध पुरतं. पाणी आईला पाजा, तांब्या तिच्या उशाशी असू द्या.

दात येताना एखाद-दोन रात्री जातात, त्यांचा बाऊ नको. आठ-नऊ महिन्यांनंतरचं उठणं निराळं असतं. आई दिसेनाशी झाली तरी ती असते, हे त्याला नुकतं कळू लागलेलं असतं, पण विश्वास बसलेला नसतो. त्याला दिवसा औषध आहे: पदराआड "भोऽऽक" करायचं. शंभरदा करा. जाणारी आई परत येते, हे ते त्या खेळात शिकतं.

दोन-अडीच वर्षांच्या पोरांचं दुखणं बहुधा दुपारचं असतं. चारनंतर झोपलेलं पोरगं रात्री अकरापर्यंत उड्या मारतं आणि मग आपण त्याला भुताची भीती घालतो. दुपारची झोप साडेतीनच्या आत उरकायची. जेवण, हातपाय धुणं, एक गोष्ट, अंधार. रोज त्याच क्रमानं. गोष्टही तीच चालते. मी एकच चिमणी-कावळ्याची गोष्ट चार महिने सांगितली आहे, कंटाळा मलाच आला. झोपण्याआधी तासभर मोबाईल नाही, आणि हा नियम आजोबांनाही लागू.

या वयात काही पोरं निजल्यावर दोन-तीन तासांत किंचाळून उठतात. डोळे उघडे, पण आईला ओळखत नाहीत, धरायला गेलं तर लाथा मारतात. आपल्याकडे लगेच नजर काढतात. काढा, त्यानं कोणाचं बिघडत नाही आणि आजीच्या हाताला काम मिळतं. फक्त पोराला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं पाहा. पाच-दहा मिनिटांत ते आपोआप शांत होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. फार दमलेल्या दिवशी हे जास्त होतं.

डॉक्टरकडे न्यायचं कधी, तेही सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला ताप, दूध ओढत नाही, दिवसभरात सहापेक्षा कमी दुपटी ओली झाली, उठवूनही उठत नाही. यात उजाडायची वाट पाहायची नाही. मोठं पोरगं रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, तर "बापासारखा घोरतो" म्हणून हसू नका, नाकामागच्या गाठी दाखवून घ्या. पहिल्या ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येते. तिला चहा पाजून वाटेला लावू नका, रात्री काय होतं ते विचारा.

राहिली बाळंतीण. नवजात लेकरू चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपतं, म्हणजे झोप कमी पडते ती त्याला नाही, आईला. त्याची झोप तुकड्या-तुकड्यांत असते एवढंच. "लेकरू निजलं की तूही नीज," असं सगळे तिला सांगतात आणि वर भांडी तिच्याच पुढ्यात ठेवतात. आमच्या घरात नातसून आल्यावर आठव्या दिवशी मी वाटणी केली. रात्री नऊचं पाजून झालं की तिनं मागच्या खोलीत जायचं. पुढचं पाजणं येईपर्यंत पोरगं नातवाकडे, पहाटे पाचपासून माझ्याकडे. म्हातारपणी झोप तशीही चारलाच उडते, ती वाया का घालवायची? पहिल्या रात्री नातू कुरकुरला, ऑफिस आहे म्हणाला. मी म्हटलं, "तिलेबी उद्या दिवस हाय."

तुमच्या घरात बाळंतीण असेल तर आज रात्री पाजून झाल्यावर दोन-तीन तास लेकरू तुम्ही घ्या. दार लोटून घ्या, आणि सकाळी तिला ऐकवू नका की तुम्ही जागलात.