एकेक यार्ड

अमेरिकेतील फुटबॉल हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. त्यातील चेंडू लंबगोल असतो आणि खेळाचा सारा भर चेंडू हातात घेऊन पळण्यावर व फेकण्यावर असतो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा खेळाडू असतात. ज्या संघाकडे चेंडू असेल, त्याने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड, म्हणजे ३० फूट, पुढे सरकावयाचे असते. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू छातीशी घट्ट धरून प्रतिपक्षाच्या फळीतून वाट काढीत धावणाऱ्या खेळाडूस ‘रनिंग बॅक’ म्हणतात. त्याला खाली पाडण्यासाठी धिप्पाड गडी सर्व बाजूंनी तुटून पडतात. या कठीण कामात अलौकिक कीर्ती मिळविणाऱ्या वॉल्टर पेटनची ही हकीकत आहे.

वॉल्टरचे बालपण मिसिसिपी राज्यातील कोलंबिया या लहानशा गावी गेले. त्याचे वडील कारखान्यात कामगार होते. त्या काळी तेथे काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगवेगळ्या असत. वॉल्टरला संगीताची आवड होती. शाळेच्या वाद्यवृंदात तो ढोल वाजवीत असे. थोरला भाऊ एडी शाळेच्या फुटबॉल संघात होता, तोवर वॉल्टर त्या खेळाकडे वळला नाही. एडी शाळा सोडून गेल्यावर तो मैदानात उतरला.

१९७० साली न्यायालयाच्या आदेशाने गावातील दोन्ही शाळा एकत्र झाल्या. काळ्या मुलांच्या संघाचे प्रमुख शिक्षक बॉस्टन यांना नव्या शाळेत मात्र दुय्यम जागा मिळाली. हा अन्याय वॉल्टरला व त्याच्या सोबत्यांना सहन झाला नाही. निषेध म्हणून त्यांनी काही दिवस सरावावर बहिष्कार घातला. पुढे ते परत आले. नव्या संघाच्या पहिल्याच सामन्यात वॉल्टर एका दमात ६५ यार्ड धावत सीमेपार गेला. काळे आणि गोरे गावकरी एकाच मैदानाभोवती जमून एकाच खेळाडूचे कौतुक करू लागले. गावातील तेढ कमी होण्यास त्याच्या खेळाचा हातभार लागला.

तरीही दक्षिणेतील ज्या नामांकित विद्यापीठांच्या संघांत पूर्वापार गोरेच खेळाडू घेतले जात, त्यांचे बोलावणे वॉल्टरला आले नाही. एडी ज्या जॅक्सन स्टेट या संस्थेत शिकत होता, तेथेच तो दाखल झाला. सहजासहजी खाली पडावयाचे नाही, हा धडा त्याला तेथील शिक्षकांनी दिला. सुटीत तो पर्ल नदीच्या काठी वाळूत धावत असे. वाळूत पाय रुतत, दम लागे. पण त्यामुळेच त्याच्या पायांत विलक्षण बळ आले.

१९७५ साली शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. सर्वांच्या आशा उंचावल्या होत्या. पहिल्या सामन्यात त्याने आठ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली. एकूण कमाई झाली शून्य यार्ड! दुसरा एखादा खचला असता. वॉल्टरने सराव दुप्पट नेटाने चालविला. पुढे शिकागोजवळच्या एका उभ्या चढणीच्या टेकडीवर तो पुन्हा पुन्हा धावत चढे. त्याच्यासमवेत आलेले खेळाडू थकून बसत. तो मात्र थांबत नसे.

या परिश्रमांचे फळ लवकरच दिसले. १९७७ साली अंगात ताप असताना त्याने एका सामन्यात २७५ यार्ड मजल मारली. तोवर कोणालाही ते साधले नव्हते. १९८४ साली त्याने जिम ब्राऊन या थोर खेळाडूचा १२,३१२ यार्डांचा विक्रम मोडला. १९८६ च्या जानेवारीत त्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पटकाविले. तेरा हंगामांत तो केवळ एका सामन्यास मुकला. इतके असूनही त्याच्या अंगी गर्व नव्हता. आपणांस पाडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यालाही तो हात देऊन उठवीत असे.

निवृत्तीच्या वेळी त्याच्या नावावर १६,७२६ यार्ड होते. हे अंतर साडेनऊ मैलांचे, म्हणजे सुमारे १५ किलोमीटरचे. धडधाकट मनुष्य ते एका सकाळी चालून जाईल. वॉल्टरला मात्र त्यासाठी तेरा वर्षे लागली आणि ३,८३८ वेळा चेंडू घेऊन धावावे लागले. दर खेपेस त्याच्या पदरी सरासरीने साडेचार यार्डही पडले नाहीत. पडावे, उठावे आणि पुन्हा धावावे, अशा रीतीने हा डोंगराएवढा विक्रम उभा राहिला. तो २००२ सालापर्यंत अबाधित होता.

१९९९ साली वॉल्टरला यकृताचा दुर्धर विकार जडल्याचे जाहीर झाले. पुढे कर्करोगामुळे यकृतरोपणाचा मार्गही खुंटला. स्वतःला लाभ होणार नाही हे ठाऊक असूनही, इतर रुग्णांना जीवदान मिळावे म्हणून त्याने अवयवदानाचा प्रचार केला. १ नोव्हेंबर १९९९ रोजी त्याचे निधन झाले. समाजसेवा करणाऱ्या खेळाडूस दरवर्षी दिल्या जाणाऱ्या एका मोठ्या पुरस्कारास आज त्याचे नाव आहे. धावणारे पाय थांबले, तरी इतरांना उठविण्यासाठी पुढे केलेला त्याचा हात लोक विसरले नाहीत.

स्वाध्याय

१. वॉल्टरने सरावावर बहिष्कार का घातला?
२. पहिल्या सामन्यातील अपयशानंतर त्याने काय केले?
३. १५ किलोमीटरचे अंतर कापण्यास वॉल्टरला तेरा वर्षे का लागली, ते स्पष्ट करा.
४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : तुटून पडणे, हातभार लागणे, मार्ग खुंटणे.