कराचे नाणे

कराविषयी प्रश्न झाला तेव्हा प्रभूने पाहावयास मागितलेले नाणे (मत्तय 22) म्हणजे रोमी रुप्याचा दिनार, अर्थात मजुराची एका दिवसाची मजुरी. तिबिर्य कैसराच्या (इ. स. 14 ते 37) दिनारावर एका बाजूस त्याचे मुख व भोवती ‘देव ठरविलेल्या औगुस्ताचा पुत्र’ अशा अर्थाची अक्षरे असतात; दुसऱ्या बाजूस ‘महायाजक’ ही पदवी, आणि हाती राजदंड व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. तिला पुष्कळ विद्वान शांतीचे चिन्ह मानतात. प्राचीन नाण्यांचे संग्राहक हेच ‘कराचे नाणे’ म्हणून आवडीने विकत घेतात. परंतु तो कैसर कोणता, हे शुभवर्तमान सांगत नाही. आम्ही यावरून एवढेच शिकतो की, रुप्यावर राजाने आपली मुद्रा उमटविली, तरी मनुष्यावर देवाची प्रतिमा आहे; म्हणून नाणे राजाचे असेल, मनुष्य मात्र देवाचाच.